मागाहून ऑइल कूलर बसवलेल्या गाडीचं इंजिन ऑइल बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात इंजिन ऑइलचं एकच माप दिलेलं असतं. मागाहून ऑइल कूलर बसवलेल्या गाडीला मात्र दोन मापं लागतात. कूलर भरलेला ठेवून ऑइल बदललं तर एक, कूलर आणि त्याचे पाइप रिकामे केले तर दुसरं. ऑइल बदलल्यानंतरच्या बहुतेक तक्रारी या दोन मापांची गल्लत झाल्यामुळे येतात, मग ती डिपस्टिकवर खुणेच्या वर गेलेली लेव्हल असो की घाटात अचानक लागलेला ऑइलचा लाल दिवा. खालची उत्तरं फिल्टरच्या जागी सँडविच प्लेट, तिथून निघणारे दोन पाइप आणि बंपरमागे हवेवर थंड होणारा कूलर अशा नेहमीच्या रचनेबद्दल आहेत.

हा कूलर नेमका कसा चालतो?

इंजिन ब्लॉक आणि ऑइल फिल्टर यांच्या मध्ये सँडविच प्लेट बसते. पंपाकडून दाबाखाली आलेलं ऑइल प्लेटमधून पाइपने कूलरमध्ये जातं, थंड होऊन परत येतं आणि बहुतेक प्लेटमध्ये मग फिल्टरमधून गाळून इंजिनात शिरतं. चांगल्या प्लेटमध्ये थर्मोस्टॅट असतो. ऑइल ८० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचेपर्यंत तो कूलरची वाट जवळजवळ बंद ठेवतो. पूर्ण बंद न ठेवण्याला कारण आहे: बऱ्याच प्लेटमध्ये इंजिन थंड असतानाही थोडं ऑइल कूलरमधून फिरत राहतं, त्यामुळे वाट उघडल्यावर घट्ट थंड ऑइल एकदम इंजिनात येत नाही.

थर्मोस्टॅट नसलेली स्वस्त प्लेटही बाजारात मिळते. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला ती लावू नये. ऑइल गरम व्हायला फार वेळ लागतो आणि थंड ऑइलवर चाललेलं इंजिन लवकर झिजतं.

चेंबरचा नट उघडला की कूलरमधलं ऑइल का निघत नाही?

चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठणारं भांडं. त्याच्या नटातून फक्त चेंबरमध्ये साठलेलं ऑइल खाली येतं. कूलर आणि पाइप हा भरलेला बंदिस्त मार्ग आहे. त्यात वरून हवा शिरायला जागा नसते आणि थर्मोस्टॅटही बंद असतो, त्यामुळे तिथलं ऑइल जागचं हलत नाही. गाडीचं नाक जॅकवर उचललं तरी फारसा फरक पडत नाही. फिल्टर काढल्यावर प्लेटमधून बराच वेळ थेंब गळत राहतात. ते परतीच्या पाइपातलं थोडंसं ऑइल असतं, अख्खा कूलर नव्हे. डिपस्टिकच्या नळीतून पंपाने ऑइल ओढून घेण्याच्या पद्धतीलाही हेच लागू आहे.

कूलर आणि पाइपमध्ये किती ऑइल अडकतं?

पाइपाचं गणित सोपं आहे. एएन-१० मापाच्या पाइपाचा आतला व्यास साधारण १४ मिलीमीटर असतो, म्हणजे एका मीटरमध्ये सुमारे १५० मिलीलिटर ऑइल मावतं. जाण्यायेण्याचे मिळून दोन मीटर पाइप असतील तर ३०० मिली तिथेच गेलं. कूलरमध्ये किती मावतं ते त्याच्या ओळी आणि रुंदीवर ठरतं. रस्त्यावरच्या गाड्यांना लावतात त्या १० ते १९ ओळींच्या कूलरमध्ये ढोबळमानाने ३०० ते ६०० मिली बसतं.

अंदाजावर थांबू नका. कूलर नवा बसवत असाल तर बसवण्याआधी मापाच्या भांड्याने त्यात ऑइल भरा आणि आकडा लिहून ठेवा. आधीच बसवलेला असेल तर पहिल्यांदा रिकामा कराल तेव्हा निघालेलं ऑइल मोजा. हा आकडा बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर लिहिलेला असावा. पुढच्या मिस्त्रींना तो हमखास उपयोगी पडतो.

म्हणजे दर वेळी जुनं ऑइल साठत जातं का?

साठत नाही, पण थोडं मिसळतं. समजा पुस्तकातलं माप ४ लिटर आहे आणि कूलर-पाइपात ०.७ लिटर राहतं. एकूण ४.७ लिटर. कूलर न उघडता ऑइल बदललं तर नव्या भरणीत जवळपास १५ टक्के जुनं ऑइल राहतं. पुढच्या वेळी त्या १५ टक्क्यांचेही १५ टक्केच उरतात, म्हणजे दोन टक्क्यांच्या आसपास. तिसऱ्या वेळेपर्यंत ते नगण्य होतं.

तरीही या मिसळीचा एक परिणाम राहतो. दर वेळी कूलर तसाच ठेवला तर काढायच्या वेळी इंजिनातलं ऑइल सरासरीने १८ टक्के जास्त चाललेलं असतं. त्यावर उपाय साधा आहे: पुस्तक १०,००० किलोमीटर म्हणत असेल तर तुम्ही ८,५०० ला बदला. हिशेब बरोबर तिथेच येतो आणि एकही पाइप उघडावा लागत नाही.

मग कूलर दर वेळी रिकामा करावा की नाही?

रोजच्या वापराच्या गाडीला माझा स्पष्ट सल्ला: नको. दर वेळी जोडण्या उघडल्या की ॲल्युमिनियमचे आटे झिजतात, कचरा आत जायची शक्यता वाढते आणि रिकाम्या कूलरवर इंजिन चालू करण्याची जोखीम येते. सहा-सातशे मिली जुन्या ऑइलपेक्षा हे नुकसान मोठं आहे.

काही वेळा मात्र कूलर रिकामा करावाच लागतो. गाडी ट्रॅकवर पळवून ऑइल जळल्यासारखं काळं आणि वासाचं झालं असेल, ऑइलमध्ये पेट्रोल किंवा कूलंट उतरलं असेल, गाडी जुनी घेतली आहे आणि आधी काय भरलं होतं ते माहीत नाही, किंवा भलत्याच प्रतीचं ऑइल चुकून घातलं गेलं असेल, तर आळस करू नका.

किती ऑइल विकत आणू?

पुस्तकातलं माप, अधिक कूलर-पाइपाचं माप, अधिक अर्धा लिटर. कूलर उघडायचा नसला तरी एवढं घरात असू द्या. सीलबंद उरलेला कॅन वाया जात नाही.

लेव्हल नेमकी कशी बघायची?

इथे घाई केली तर बाकीची मेहनत पाण्यात जाते, म्हणून सविस्तर सांगतो.

सुरुवात ऑइल काढण्याआधी होते. गाडी सपाट जागेवर उभी करून जुन्या ऑइलची लेव्हल बघून घ्या. ती वरच्या खुणेला असेल तर जेवढं निघेल तेवढंच परत जाणार, हा तुमचा पहिला आधार. ऑइल काढल्यावर लगेच टाकून देऊ नका. फिल्टरमधलं, ट्रेमधलं सगळं मापाच्या भांड्यात ओता आणि आकडा लिहा.

कूलर उघडला नसेल तर पुस्तकातल्या मापापेक्षा पाव लिटर कमी घाला. इंजिन चालू करा, लाल दिवा विझू द्या, मिनिटभर चालवून बंद करा. पाच ते दहा मिनिटं थांबा, म्हणजे वरचं ऑइल चेंबरमध्ये उतरेल. मग डिपस्टिक पुसून पुन्हा घाला, बघा आणि उरलेलं थोडंथोडं ओतत दोन खुणांच्या मध्याच्या जरा वर आणून ठेवा. वरच्या खुणेला अगदी टेकवायची गरज नाही.

कूलर रिकामा केला असेल तर ही फक्त अर्धी तपासणी झाली. थर्मोस्टॅट बंद असताना कूलर पूर्ण भरत नाही, त्यामुळे डिपस्टिक चांगली लेव्हल दाखवते आणि माणूस समाधानाने निघतो. पुढे चढावर ऑइल तापतं, वाट उघडते, चेंबरमधलं अर्धा लिटर ऑइल कूलरमध्ये जातं आणि लेव्हल खालच्या खुणेकडे सरकते. खंबाटकीच्या चढावर हे घडू नये असं वाटत असेल तर आधी जवळपास दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून आणा. अंगणात नुसतं इंजिन चालू ठेवून ऑइल पुरेसं तापेलच असं नाही. काट्यावर पाण्याचं तापमान नेहमीच्या जागी आलं म्हणजे ऑइलही तापलं असं समजू नका, ऑइल बरंच मागे असतं. परत आल्यावर कूलरकडे जाणाऱ्या पाइपाजवळ हात नेऊन ऊब जाणवते का बघा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तमच. पाइप तापलेला असेल तर वाट उघडली होती. आता गाडी सपाटीवर थांबवून दहा मिनिटांनी पुन्हा लेव्हल बघा आणि लागेल तेवढं भरा.

बहुतेक गाड्यांत डिपस्टिकच्या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे साधारण एक लिटर. कूलरमधली भर त्याच्या निम्म्याहून जास्त असू शकते, हे लक्षात ठेवलं की दुसरी तपासणी का टाळायची नाही ते कळतं.

चुकून जास्त भरलं गेलं तर?

खुणेच्या वर दोन-तीन मिलीमीटर असेल तर धावपळ नको. त्याहून बरंच जास्त असेल तर काढावंच लागेल. फिरणारा क्रँक ऑइलला लागून ते घुसळतो, त्यात हवा मिसळते आणि फेसाळलेलं ऑइल बेअरिंगवर नीट थर धरत नाही. ऑइलची वाफ इनटेकमध्ये ओढली जाऊन निळसर धूरही येतो. डिपस्टिकच्या नळीतून बारीक नळी आणि सिरिंजने काढणं सर्वांत सोपं. चेंबरचा नट थोडा सैल करून "जरासं" काढायला गेलात तर हातावर गरम ऑइल येईल आणि अंदाजही चुकेल.

फिल्टर बदलताना वेगळं काय सांभाळायचं?

तीन गोष्टी, आणि तिन्ही गंभीर.

पहिली: फिल्टर घट्ट बसलेला असेल तर त्याच्यासोबत सँडविच प्लेटचा मधला आट्यांचा बोल्टही फिरून सैल होतो. बाहेरून काहीच दिसत नाही. नवा फिल्टर बसतो, इंजिन तापतं आणि प्लेट व ब्लॉक यांच्या फटीतून दाबाखाली ऑइल फवारायला लागतं. यासाठी कूलर बसवतानाच प्लेट आणि ब्लॉक यांच्यावरून पांढऱ्या पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढून ठेवा. मधल्या बोल्टच्या तोंडावर आणि प्लेटवरही तशीच एक रेघ हवी. जुना फिल्टर काढल्यावर दोन्ही रेघा जुळतात का बघा. जुळत नसतील तर प्लेट उतरवा, तिची ओ-रिंग नवी घाला आणि किटच्या कागदावर दिलेल्या टॉर्कने पुन्हा आवळा.

दुसरी: जुन्या फिल्टरची रबरी रिंग प्लेटला चिकटून राहते. तिच्यावर नवी रिंग बसली की दोन रिंगा एकमेकींवर घसरतात आणि मिनिटाभरात इंजिनातलं सगळं ऑइल रस्त्यावर येऊ शकतं. बोट फिरवून आणि बॅटरीच्या उजेडात बघून, दोन्ही प्रकारे खात्री करा. नव्या रिंगला ताजं ऑइल लावा. रिंग टेकल्यावर हाताने पाऊण फेरा बास. फिल्टरच्या डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा.

तिसरी: प्लेटच्या जाडीमुळे फिल्टर आधीपेक्षा तेवढा खाली येतो. आपल्याकडचे गतिरोधक आणि पावसानंतरचे खड्डे बघता ही साधी गोष्ट नाही. मूळ मापाचा किंवा त्याच आट्यांचा थोडा आखूड फिल्टर घ्या. मोठा फिल्टर जास्त चांगला, असं सांगून कोणी लांब फिल्टर दिला तर नम्रपणे परत करा. आटेही तपासा: एम२० आणि पाऊण इंची आटे दिसायला सारखे वाटतात, पण एकात दुसरं जबरदस्तीने घातलं तर मधला बोल्ट कायमचा जातो.

कूलर रिकामा करायचाच आहे. कसा करू?

इंजिन तापवून, कूलरमधून गरम ऑइल फिरेल इतकं चालवून मग बंद करा, म्हणजे तळाचा गाळ ऑइलसोबत निघेल. हात लावता येईल इतकं निवू द्या. गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, स्टँड लावा.

चेंबर आणि फिल्टर मोकळे करा. मग कूलरच्या जोडण्या बाहेरून ब्रेक क्लीनरने आणि स्वच्छ फडक्याने पुसून घ्या, उघडल्यावर धुळीचा कण आत जाता कामा नये. दोन पाने लागतील. एक पाना कूलरच्या तोंडाशी असलेल्या षटकोनावर स्थिर धरायचा, दुसऱ्याने पाइपाचा नट सैल करायचा. एकाच पान्याने जोर लावला तर कूलरचं पातळ तोंड पिळलं जातं आणि जोडाशी केसासारखी चीर पडते. ती चीर लगेच गळत नाही, पंधरा दिवसांनी गळते.

जोडण्या वर असलेला कूलर उलटा केल्याशिवाय रिकामा होत नाही, म्हणून त्याचे बोल्ट काढावे लागतात. फार जोराची हवा मारू नका. टायरच्या हवेचा पूर्ण दाब कूलरला सहन होईलही, पण समोरच्या पाइपातून ऑइल उडून थेट डोळ्यांत जाऊ शकतं. अगदी हलकी हवा, दुसऱ्या टोकाला पिशवी, डोळ्यांवर चष्मा.

परत जोडण्याआधी जमेल तेवढं ताजं ऑइल कूलरमध्ये ओता. फिल्टर उभा बसत असेल तर तोही निम्मा भरून लावा. पाइप जागेवर नीट वळलेले आहेत ना बघा आणि मगच नट आवळा.

आणि त्यानंतर इंजिन लगेच चालू करायचं का?

नाही. इंधन पंपाचा फ्यूज काढा आणि दहा सेकंद सेल्फ मारा. अर्धा मिनिट थांबा, पुन्हा मारा. ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत हे करा, पण मधे सेल्फला विश्रांती द्या. अशा वेळी पंप आधी रिकामी वाट भरतो आणि दाब नंतर तयार होतो. टर्बो असलेल्या गाडीत हे टाळणं म्हणजे टर्बोच्या बेअरिंगला कोरडं फिरवणं. दिवा विझल्यावर फ्यूज लावून इंजिन चालू करा, रेस करू नका, आणि खाली वाकून प्रत्येक जोडणीवर कोरडं पांढरं फडकं फिरवा. काळपट डाग दिसला की बंद.

इंजिन फ्लश वापरू का?

कूलर असलेल्या गाडीत मी याला ठाम विरोध करतो. फ्लश म्हणजे जुन्या ऑइलमध्ये मिसळायचा पातळ द्राव. इंजिन चालवलं की तो कूलरमध्ये जातो आणि चेंबर उघडल्यावर तिथेच राहतो. मग नव्या महागड्या ऑइलमध्ये तो मिसळून ते पातळ करतो. सर्व्हिसच्या वेळी "साहेब, फ्लश करून टाकू का?" असं विचारलं जातंच. कूलर पूर्ण रिकामा करणार नसाल तर नको म्हणा. इंजिन घाण असल्याची शंका असेल तर चांगलं ऑइल घालून ३,००० किलोमीटरला एकदा लवकर बदला, तो खर्च जास्त कामी येतो.

कूलर लावलाय, तर जाड ऑइल घालावं का?

उलट, कूलरमुळे त्याची गरज कमी होते. उन्हाळ्यात ऑइल जास्त तापून पातळ होतं म्हणून लोक जाड ऑइलकडे वळतात आणि तापमान तर आता कूलर सांभाळतो. पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल आणि गाडी रस्त्यावरच चालत असेल तर तेच ठेवा. कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर किंवा चेन्नईजवळच्या सर्किटवर सतत पळवणार असाल, तर कंपनीने त्याच इंजिनाला परवानगी दिलेल्या मापांतलं ५डब्ल्यू-४० विचारात घ्या. मापाइतकंच ऑइलचं मानकही महत्त्वाचं. एपीआय किंवा एसीईए या मानकं ठरवणाऱ्या संस्थांचा जो दर्जा पुस्तकात आहे, त्याच्या खाली उतरू नका.

ऑइल जास्त मावतं, मग जास्त किलोमीटर चालवता येईल का?

नाही. पेट्रोलचे अंश, काजळी आणि ओलावा ऑइलमध्ये येतच राहतात. वर्ष झालं की बदला, किलोमीटर कमी झालेले असले तरी.

पावसाळ्यात ऑइल भरायच्या झाकणाखाली ताकासारखा पांढरट थर दिसतो. हेड गॅस्केट गेलं का?

बहुधा नाही. जवळच्या फेऱ्यांत ऑइल पुरेसं तापत नाही आणि आतला ओलावा वाफ होऊन बाहेर पडत नाही. कूलर मोठा असेल किंवा थर्मोस्टॅट उघडाच अडकला असेल तर हे जास्त दिसतं. ओबीडीवर (गाडीच्या संगणकातली माहिती दाखवणाऱ्या सॉकेटवर) ऑइलचं तापमान बघता आलं तर बघा: हायवेवर ते ९० ते ११० अंशांत असायला हवं. अर्ध्या तासानंतरही ७० च्या आसपास रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट तपासा. कूलरपुढे पुठ्ठा लावण्याचा तात्पुरता उपाय चालतो, पण उन्हाळ्याआधी तो आठवणीने काढा. कूलंटची लेव्हल घटत असेल किंवा डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ दिसत असेल तर मात्र गाडी चालवू नका, गॅरेजला ओढून न्या.

पाइपांची तपासणी कशी करायची?

ऑइल बदलायला गाडी वर घेतलीच आहे, तर पाच मिनिटं यासाठी द्या. स्टीलची जाळी असलेला पाइप ज्या वस्तूला घासतो तिला कानशीसारखा कापतो, मग ती एसीची नळी असो, वायरिंग असो की चासी. घासण्याच्या जागी रबरी बाही चढवा. आतलं रबर काही वर्षांनी कडक होतं. वाकवल्यावर करकर आवाज आला किंवा टोकाशी ओलसर दिसलं की पाइप बदलायची वेळ झाली. मुंबई आणि कोकण किनाऱ्यावरच्या गाड्यांत खाऱ्या हवेने कूलरच्या पापुद्र्यांवर पांढरा गंज चढतो, तो पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. प्रेशर वॉशरचं तोंड जवळ नेलं तर पापुद्रे आडवे होतात.

सर्व्हिस सेंटरला गाडी दिली तर काय सांगू?

तोंडी सांगून सोडू नका, जॉब कार्डवर लिहून घ्या: मागाहून ऑइल कूलर बसवलेला आहे, कूलर उघडू नये, फ्लश करू नये, काढलेलं ऑइल मोजावं, पुस्तकातल्या मापापेक्षा पाव लिटर कमी भरून डिपस्टिक दाखवावी. बऱ्याच ठिकाणी ऑइल बंदुकीने ठरलेलं माप भरतात आणि गाडी पुढे जाते. गाडी ताब्यात घेताना तिथेच सपाट जागेवर लेव्हल बघा.

वॉरंटीत असलेल्या गाडीला असा कूलर लावल्यास इंजिनाशी संबंधित दावा नाकारला जाऊ शकतो, हे लावण्याआधीच गृहीत धरा. विमा कंपनीलाही या बदलाची लेखी कल्पना द्या.

काढलेल्या ऑइलचं काय करू?

कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, जिथून ते अधिकृत पुनर्प्रक्रियेला जातं. वापरलेलं ऑइल घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत येतं आणि १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या गोळा करण्याची जबाबदारी ऑइल उत्पादकांवरही टाकलेली आहे. गावाकडे वाळवी लागू नये म्हणून जळकं ऑइल लाकडाला, कुंपणाच्या खांबांना फासतात. कृपया देऊ नका, मागितलं तरी. ते पावसाने धुऊन विहिरीच्या पाण्यात उतरतं आणि सतत त्वचेला लागणं धोक्याचं आहे. तुम्हीही काम करताना हातमोजे घाला.

इंजिनाचं बेअरिंग गेलं होतं, इंजिन नवं बांधलं. जुना कूलर धुऊन वापरू का?

वापरू नका. बेअरिंगचा धातूचा चुरा कूलरच्या अरुंद वाटांमध्ये जाऊन अडकतो. रॉकेल, पेट्रोल, हवा, उलटसुलट कितीही धुतलं तरी तो सगळा निघाल्याची खात्री करता येत नाही. नंतर गरम ऑइलच्या वाहत्या दाबाने तो सुटतो. फिल्टर वाटेत असतो खरा, पण थंड इंजिनात किंवा फिल्टर तुंबल्यावर त्याचा बायपास उघडतो आणि चुरा थेट नव्या बेअरिंगवर जातो. पाइपही बदला, सँडविच प्लेट पूर्ण खोलून साफ करा आणि तिचा थर्मोस्टॅट नवा घाला. नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल बांधणाऱ्या मिस्त्रींनी सांगितलेल्या किलोमीटरला बदला, आणि तो फिल्टर कापून आतला कागद उजेडात उघडून बघा.